डोळ्यातला मूग

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. कॉलेजात असताना पैज लावून मी चौकातल्या उताऱ्यातलं लिंबू उचललं होतं आणि त्याचं सरबत करून प्यायले होते. मैत्रिणी आठवडाभर माझ्याकडे टक लावून बघत होत्या, हिला काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. त्यामुळे इथे लोकांनी लिहिलेले अमानवीय अनुभव मी वाचते ते गंमत म्हणून, आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात कारणही लिहून टाकते. आज स्वतःचाच एक लिहितेय... आणि त्याखाली काय लिहावं ते सुचत नाहीये.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी कृत्रिम डोळे बनवते. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो त्यांच्यासाठी. त्या डोळ्याने दिसत नाही. पण समोरच्याला तो दिसतो, आणि माणूस मान वर करून बोलायला लागतो. तयार डोळेही मिळतात बाजारात, पण ते कुणाचेच नसतात. मी बनवते तो त्या माणसाला समोर बसवून, त्याच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघत बघत, हाताने रंगवून. पांढऱ्या भागातल्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उकलून त्याचे तंतू लावते. धागे आमच्या घरात कमी नाहीत.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. नान्ना चादरींची डिझाइनं काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत फूल उभं करायचं, मग ते मागावर जायचं. त्यांचे रंग कालवता कालवता माझा हात बसला. बी.एस्सी. झाल्यावर मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. तिथे मिरजेहून अधूनमधून एक वयस्कर सर कृत्रिम डोळे बसवायला यायचे. एकदा त्यांना रंग जमेना, तेव्हा मी मध्येच म्हणाले की यात थोडा पिवळा हवा. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. तिथून सुरुवात झाली. सर यायचे थांबले तेव्हा मी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं.

पण लोक येईनात. डोळा गेला तर गेला, आता काळा चष्मा लावायचा, एवढंच बहुतेकांना माहीत. नातेवाईक विचारायचे, मुलगी काय करते? आई म्हणायची, डोळे करते. मग पुढचा अर्धा तास ते समजावण्यात जायचा. नान्ना शेवटी एकदा जेवताना म्हणाले, बँकेची परीक्षा देऊन तर बघ. मी दिली आणि निवडही झाली. पोस्टिंग विदर्भात. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं. रिकाम्या खोलीत कुणाची तरी वाट बघत बसायचा कंटाळा आला होता. मी सामान बांधायला काढलं.

त्याच आठवड्यात इंदू आली.

सांगोल्याकडची, पस्तिशीची. घरची मेंढरं, थोडी डाळिंबाची बाग. डाव्या बाजूने पदर असा ओढलेला की निम्मा चेहरा झाकलेला. बरोबर तिची आई, हौसाबाई. इंदू तीनेक वर्षांची असताना शेळीचं शिंग लागून तिचा डावा डोळा गेला होता. मग इतक्या वर्षांनी आत्ताच कशाला आलात, असं मी विचारलं तर इंदू लाजून हसली. गावाने तिला सरपंच केलं होतं. बायकांची जागा म्हणून नवऱ्याने अर्ज भरायला लावला होता, पण निवडून आल्यावर हिला स्वतःलाच कामात रस वाटू लागला होता. आता ग्रामपंचायतीत फोटो लावायचा होता, स्टेजवर बसायचं होतं.

"पदर घिऊन फोटू काढला तर लोक म्हनतील, सरपंच कुटं हाय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, चला, जाता जाता हा एक करून जाऊ.

पहिल्या दिवशी माप घेतलं आणि मेणाचा साचा केला. दुसऱ्या दिवशी त्या दोघी शहरातल्या नातेवाइकांकडून सकाळीच आल्या. खिडकीशी बसवून मी इंदूचा उजवा डोळा भिंगातून बघितला. रंगवायला एकदम सोपा डोळा. गडद तपकिरी, बाहुलीभोवती जरा फिकट कडं, बाकी काही खूण नाही. बुबुळाची चकती नखाएवढी असते. त्यावर पातळ थर देत जायचं, प्रत्येक थर वाळू द्यायचा. दुपारी रंग संपवून मी चकती काचेच्या झाकणाखाली ठेवली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. भाकरी, शेंगाचटणी, आईने केलेलं पप्पू. हौसाबाईंना पप्पू आवडलं. ही वरणाचीच बहीण दिसते, म्हणाल्या.

जेवून आले, झाकण काढलं... चकतीवर एक ठिपका होता. हिरवट. मुगाच्या दाण्यासारखा लांबट, पण अगदी बारीक. बुबुळाच्या खालच्या बाजूला, नाकाकडे.

मला माझाच राग आला. ब्रश नीट धुतला नसेल, दुसरं काय. इंदूला काही न सांगता, एक थर बिघडलाय, उद्या या, असं म्हणून दोघींना पाठवलं. चकती घासून टाकली. ती तशीच ठेवायला हवी होती, हे फार उशिरा सुचलं.

संध्याकाळी नान्नांना सांगितलं. ते म्हणाले, पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट येतोच. मलाही ते माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नवी चकती, नवा ब्रश घेतला आणि पिवळा रंग बाटलीतून काढलाच नाही. फिकट कडं पांढऱ्या आणि तपकिरीवर भागवलं. नान्ना शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खरं तर मी जाणार म्हणून ते त्या दिवसांत उगीचच माझ्याजवळ बसायचे. रंग झाला. दोघांनी आळीपाळीने भिंगातून बघितला. स्वच्छ. झाकण ठेवलं आणि दोघंही तिथेच बसून राहिलो. मी बँकेतल्या नोकरीबद्दल काहीतरी बोलत होते, ते हूं हूं करत होते. बाहेर मागांची खडखड चालू होती. मग नान्नांनी हूं म्हणायचं थांबवलं.

ठिपका आला होता. त्याच जागी, तसाच. कधी आला ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. काहीतरी उमटताना बघितलं असं मी म्हणत नाही. नव्हता, आणि मग होता – इतकंच.

भीती वाटली का? नाही. मला राग आला होता, आणि त्याच्या वर प्रचंड उत्सुकता. मी चकती उचलून घासायला घेतली तर नान्नांनी माझं मनगट धरलं.

"उंडनी," ते म्हणाले. म्हणजे, राहू दे.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर कित्येकदा विचारलं, तेव्हाही एवढंच म्हणाले की, दुसऱ्यांदा आलाय म्हणजे त्याला यायचंय.

मी राहू दिला. का दिला... माहीत नाही. जाणारच होते, म्हणून थोडा बेफिकीरपणाही असेल. तरी मनात ठरवलं होतं की इंदूला ठिपका दाखवायचा, माफी मागायची आणि नको म्हणाली तर राहून दुसरा करून द्यायचा. चकतीवर पारदर्शक थर चढला, डोळा साच्यात घालून गरम पाण्यात शिजवून घट्ट केला, घासून गुळगुळीत झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूच्या पापणीखाली बसवला. छान बसला. मी तिच्या हातात आरसा दिला आणि ठिपक्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हौसाबाई उठून आल्या.

त्यांनी लेकीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मूग परत आला की गं," त्या म्हणाल्या. एकदम हळू.

इंदू विचारत राहिली, कसला मूग? हौसाबाई खाली बसल्या, पाणी मागितलं, तांब्या हातात धरून तसाच ठेवला. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. इंदूच्या डाव्या डोळ्यात जन्मापासून हिरवा ठिपका होता. म्हणून सगळे तिला मुगी म्हणायचे. डोळा गेला त्या दिवशी हौसाबाईंच्या सासूने घरात सांगून टाकलं की आजपासून हे नाव कुणी घ्यायचं नाही. कुणी घेतलंही नाही. इंदूला काहीच आठवत नव्हतं. तिचा लहानपणीचा फोटोही नव्हता. स्वतःच्या डोळ्यात असं काही होतं, हे ती पस्तीस वर्षांची झाल्यावर माझ्या खोलीत ऐकत होती.

"मग मला का न्हाय सांगितलंस?" तिने आईला विचारलं.

"गेलेलं काय सांगायचं, बाई."

इंदू रडली नाही. ती आरशात बघत राहिली, एकदा लांबून, एकदा जवळून. जाताना तिने पदर खांद्यावर घेतला होता. मी गल्लीच्या टोकापर्यंत बघत उभी होते.

त्या संध्याकाळी मी नान्नांना सांगितलं की मी विदर्भात जात नाही. नोकरी घे म्हणणारे तेच होते, त्यामुळे वाद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना बोलावून त्यांनी स्वतःचं डिझाइनचं मोठं टेबल आतल्या खोलीतून बाहेर आणलं आणि माझ्या खिडकीखाली लावलं. अजून तिथेच आहे. आई मात्र महिनाभर फुगून होती.

पण हा निर्णय मी ठिपक्यामुळे भारावून घेतला, असं कुणी समजू नये. मी कारण शोधत होते. ते बँकेत बसून सापडलं नसतं!

शोधायचं तेवढं शोधलं. इंदूच्या उजव्या डोळ्याचे फोटो मोठे करून बघितले. ठिपका नाही. आईच्या डोळ्यात तसा असेल आणि मी नकळत उचलला असेल, म्हणून हौसाबाईंचे डोळे तपासले. नाही. एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बुबुळावर असे ठिपके बऱ्याच जणांना असतात, योगायोग आहे, आणि आईची आठवण आपल्याला हवी तशी वळते. हे मला पटलं. खूपच पटलं. म्हणून मी नातेपुत्याला गेले.

इंदूची मामी तिथे बाजारात बांगड्या विकते. शेताच्या वादावरून तिचं आणि हौसाबाईंचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे तिला कुणी काही सांगितलेलं असण्याची शक्यता नव्हती. मी बांगड्या भरून घेतल्या आणि सहज म्हणाले की मी सोलापूरची, सांगोल्याकडच्या इंदूचं काम माझ्याकडे होतं.

"कोन इंदू?" तिने विचारलं. मग माझा हात हातात असतानाच थांबली. "आमची मुगी व्हय?"

मी विचारलं, मुगी का? तिने बोट उचलून स्वतःच्या डाव्या डोळ्याखाली, नाकाच्या बाजूला टेकवलं. परतीच्या एसटीत मी नव्या बांगड्यांकडे बघत बसले.

त्यानंतर काम वाढलं, पण त्यात अमानवीय काही नाही. सरपंचबाई स्टेजवर बसली, बायकांनी बघितलं, एकीने दुसरीला सांगितलं. आता विजापूर, लातूरकडूनही लोक येतात. इतके डोळे रंगवले, तसं परत कधीच झालं नाही. प्रत्येक चकतीवरचं झाकण उचलताना मी क्षणभर थांबते, एवढंच.

असे डोळे काही वर्षांनी बदलावे लागतात. इंदूचा या उन्हाळ्यात बदलायला आला. मी तिला विचारलं की जुना कापून बघू का, रंग कसला आहे ते तरी कळेल. तिने दिला असता बहुतेक. पण हौसाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, रुमालात बांधला आणि पिशवीत ठेवला. 

नवी चकती रंगवली आणि झाकून ठेवली. दुपार गेली, ऊन उतरलं. चकती स्वच्छ होती. मग मी स्वतः हिरवा कालवला. तो नेमका रंग जमेना. कधी फार गडद, कधी पोपटी. बऱ्याच खटपटीनंतर, मनासारखा नाही पण जवळचा, ठिपका दिला.

डोळा बसवल्यावर हौसाबाईंनी पुन्हा लेकीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. आता त्यांना जरा कमी दिसतं, तरी वेळ घेऊन बघितलं.

"ह्यो बी चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो तू काढलास."

मी विचारलं, मावशी, मग पहिला कुणी काढला होता?

"त्ये तुलाच ठावं की," त्या म्हणाल्या. "रंग तुझ्या हातात हुता."

मला ठाऊक नाही.