जावयाच्या कॉम्प्युटरचा लाल रंग

आमच्या घरातला लाल रंग एका शुक्रवारी सकाळी संपला.

म्हणजे कॉम्प्युटरवरचा. गोष्ट नव्वदीतली, सुरतेतली. हा कॉम्प्युटर मी एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुना उचलला होता आणि बमरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला देव्हाऱ्यापेक्षा मोठी जागा दिली होती. मी तेव्हा कागदावर साड्यांची डिझाइनं काढणारा साधा आर्टिस्ट. पण मिलच्या शेठनी शब्द दिला होता, "रविवारे हुं घेर आवीश. कम्प्युटर पर डिझाइन बतावो. गमशे तो नवुं डिझाइन खातुं तमारुं!" डिझाइन आवडलं तर अख्खं खातं माझं! मी त्याच दिवशी बायकोला, मंदाला, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितलं.

शेठ येणार म्हणून शुक्रवारी मी कॉम्प्युटर आतल्या खोलीतून बाहेर खिडकीपाशी आणला. वायरी जोर लावून खुपसल्या, बटण दाबलं आणि बघतो तर लग्नाचा लाल शालू काळाकुट्ट! हळदीची पिवळी साडी हिरवी! पांढरा पदर आकाशी!

"डिस्प्ले कार्ड गेलं," मी जाहीर केलं. (म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीतली, पडद्यावर चित्र पाठवणारी पट्टी; हा शब्द मी आदल्याच आठवड्यात शिकलो होतो.)

सासरे, लोटनमामा, जवळच्या पांडेसऱ्याहून सहज आले होते. डाइंगच्या मिलमध्ये उभी हयात शेड मास्तर; सगळे शेठ त्यांना 'मास्टर' म्हणत. नुसता कपडा उजेडात धरून सांगायचे, यात लाल किती आणि निळा किती. ते पडद्याकडं बघून हळूच म्हणाले, "बाकी रंग येताहेत, लालच तेवढा येत नाही. जावाईबुवा, मी काय म्हणतो, ते मागचं वायर एकदा काढून पाहता का?"

"मामा, हे तुमचं रंगाचं टाकं नाही. तुम्ही चहा घ्या."

"बरं."

आमच्या खान्देशात जावयाला 'तुम्ही चुकलात' म्हणायची पद्धत नाही. सासऱ्यानं फार तर 'मी काय म्हणतो' इथवर यायचं आणि तिथूनच मागं फिरायचं. या पद्धतीचा मी लग्नापासून पुरेपूर फायदा घेत आलो होतो.

दुपारी आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, "भाई, अंदर कार्ड की जगह कैसी है? काली लंबी, या सफेद छोटी?"

आता आली का पंचाईत! मी पेटी उघडलीच नव्हती. पण शेजारी सासरा उभा!

"सफेद," मी ठणकावून सांगितलं.

"जावाईबुवा, मी काय म्हणतो, घरी जाऊन एकदा..."

"मामा!"

"बरं, बरं."

पांढऱ्या खाचेचं कार्ड घेऊन घरी आलो, पेटी उघडली. आतल्या सगळ्या खाचा काळ्या आणि हातभर लांब! पांढरी औषधालाही नाही. मामांनी माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत होती, ती त्यांनी बराच वेळ बघितली.

शनिवारी परत दुकान. "इतना पुराना?" म्हणत दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं माखलेली तीन कार्डं काढली. आता निवडायचं कसं? मामांनी खिशातून मरून कापडाचा तुकडा काढला. "ट्यूबलाइटखाली शेड पाहात नसतात," ते म्हणाले आणि त्यांनी दुकानदाराला त्याचं एक जुनं मशीन मॉनिटरसकट ओट्यावर आणायला लावलं! सूर्यप्रकाशात! रस्त्यावरची माणसं थांबली. एक बाई म्हणाली, "सेल लाग्यो छे?"

तिन्ही कार्डं लावली, तिन्हींवर मरून अगदी कापडासारखा मरून.

"तिन्ही चांगले," मामा म्हणाले. "मी काय म्हणतो, आपलं जुनं बी इथं आणून लावलं असतं, तं..."

"मामा, मेलेल्या माणसाची नाडी कुणी बघतं का?"

जमलेली माणसं हसली. मलाही माझं फार कौतुक वाटलं. मग मी तिन्ही कार्डं हातात तोलली आणि सगळ्यात जड होतं ते घेतलं. (भोपळा घेताना मी असंच करतो.)

रविवारी नवं कार्ड खाचेत मस्त बसलं. वायर पुन्हा जोर लावून खुपसली, बटण दाबलं. शालू काळा!

आणि दारात शेठ.

शेठनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि परत लावला. "लगनमां काळी साडी?"

"नवी फॅशन आहे शेठ," मी म्हणालो.

"कोना लगनमां? दुश्मनना?"

ते उठायला लागले. माझं खातं उठायला लागलं! तेवढ्यात मंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, आता तरी बोला ना! यांचं वाटोळं व्हायची वाट पाहताय का?"

मामा माझ्याकडं बघत राहिले. मला खरंच लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, "मामा... तुम्ही काय म्हणता?"

मामा उठले. मॉनिटरची वायर मागून काढली, उलटी केली. आतली एक बारीक पिन खुपसताना वाकून आडवी झोपली होती. मामांनी मंदाच्या केसातला आकडा मागून घेतला, पिन सरळ केली, वायर अलगद बसवली. शालू लाल! हळद पिवळी! पदर पांढरा!

शेठ पडद्याकडं बघतच नव्हते. "मास्टर, तमने खबर हती?"

"शुक्रवारपासून."

"तो बोल्या केम नहीं?"

"जावाई आहेत," मामा म्हणाले. खुलासा संपला.

शेठ पोट धरून हसले. मग म्हणाले, "डिझाइन काढनार तो घणा मळशे. आवी नजर नहीं मळे." आणि डिझाइनवाले खूप मिळतील, अशी नजर मिळायची नाही म्हणून खातं मामांना दिलं! मामा घाबरून उभेच राहिले. "नाही शेठ, जावयाच्या वरती मी कसा बसू?" शेठनी त्यांना खांदा दाबून बसवलं.

मीही त्याच खात्यात लागलो, मामांच्या हाताखाली. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला हात जोडून सांगितलं, "हे आमचे जावाईबुवा, यांना सांभाळून घ्या." स्टाफनं ते मनावर घेतलं. माझी खुर्ची पंख्याखाली आहे, चहा पहिला मला येतो, मी आलो की शिपाईसुद्धा उठून उभा राहतो. मान इतका मिळतो, की कामाचं मला कुणी काही विचारतच नाही!