वायूला अजून कळलेलं नाही

आमच्या शनिवार पेठेतल्या घरात प्रेम करायची एकच पद्धत होती, ती म्हणजे टाकून बोलणं. बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, यांची सकाळच मुळी एकमेकांचा उद्धार करण्याने सुरू व्हायची. आत्याने चहा आणून ठेवला की बाबा विचारायचे, ताई, हा चहा आहे की भांडं विसळलेलं पाणी? आत्या म्हणायची, पाणीच आहे, तुला चहा देऊन काय उपयोग. मग दोघं समाधानाने पेपर वाटून घ्यायची.

मीही त्यातून सुटायचे नाही. माझं काम खगोलशास्त्रातलं, दूरदूरच्या दीर्घिकांचं, त्यांच्या पोटातल्या कृष्णविवरांचं आणि भोवतालच्या वायूचं. आत्याचं त्यावर ठाम मत होतं की जिन्यातला दिवा कधीचा गेलाय तो हिला दिसत नाही, आणि ही म्हणे विश्वाच्या टोकाचं बघते.

आत्याचे यजमान लवकर गेले. त्यांच्या नोकरीचं खडकीचं क्वार्टर सुटल्यावर ती आमच्याकडेच आली, मुलाला घेऊन. तो माझा दादा. पुढे तो मालवाहू जहाजावर लागला. एखादं बंदर आलं की घरी फोन करायचा, तोही आमच्या जुन्या काळ्या फोनवर, कारण आत्या मोबाइलला हात लावत नसे.

आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांना जहाज कंपनीतून फोन आला. हॉस्पिटलच्या बाकावर मी त्यांच्या शेजारीच बसले होते. दादा वादळात डेकवरून समुद्रात पडला होता. जहाजावरच्यांनी खूप शोधलं, मग शोध थांबवला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात पेशंटला धक्का बसता कामा नये. असली बातमी आजारी माणसापासून लपवायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जहाज लांब आहे, तिकडे रेंज नसते, असं सांगायचं ठरलं आणि सगळे नातेवाईक बिनबोभाट त्यात सामील झाले. बाबांनी तोंडावर पाणी मारलं, आत गेले आणि म्हणाले, ताई, आज चेहरा किती छान टवटवीत दिसतोय तुझा. आत्या नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

त्याच सुमाराला माझ्यासमोर एक विचित्र दीर्घिका होती. कृष्णविवर स्वतः काही दिसत नाही. पण त्याच्यात वायू ओढला जायला लागला की तो वायू तापून भयंकर उजळतो, आणि त्या उजेडाने दीर्घिकेच्या बाहेर लांबवर पसरलेला वायूसुद्धा चमकायला लागतो. माझ्या चित्रात कडेचा वायू असा हिरवागार लखलखत होता. मध्यभागी मात्र त्याला पेटवणारं काहीच नव्हतं. मी स्वतःला चार शिव्या हासडल्या. दुर्बीण भलत्याच दीर्घिकेवर लावली असणार, दुसरं काय! सगळं पुन्हा तपासलं, नवी निरीक्षणं मिळवली, वर्णपट पुन्हा काढला. तेच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने बघितलं आणि म्हणाला, तुझं चुकलेलं नाही, मधलं विझलंय. तिथला उजेड वायूपर्यंत पोचायला हजारो वर्षं लागतात. विझायच्या आधी निघालेला उजेड अजून वाटेत आहे, त्याच्यावर हा चमकतोय. ह्याला अजून कळलेलंच नाही.

भर दुपार होती. खिडकीबाहेर माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. मी स्क्रीन बंद केला आणि बसून राहिले. घरी जायला पाय उचलेना.

घरी आत्या झपाट्याने सुधारत होती, इतकी की बघून भीती वाटावी. गाल वर आले. चहा मात्र आता मी करायचे, तिला ओट्यापाशी फार वेळ उभं राहू द्यायचं नाही म्हणून. तरी तिने दादासाठी मेतकूट करून बरणी भरलीच, त्याच्या गादीला ऊन दाखवलं. आणि एकदा जेवता जेवता सहज म्हणाली, काल त्याचा फोन आला होता.

बाबांचा घास तोंडातच राहिला. महापालिकेने गल्ली खणून केबल तोडून ठेवली होती, अख्ख्या गल्लीचे फोन कधीपासून मुके होते. मी उठून रिसीव्हर कानाला लावला. साधी खरखरसुद्धा नव्हती. काय म्हणाला, बाबांनी हळूच विचारलं. फार नाही बोलला, आत्या म्हणाली, आवाज खूप लांबून येत होता.

नंतर एकदा मी दुपारीच घरी आले, तर ती फोनपाशी बसलेली. जेवलास का रे, तिने विचारलं आणि थांबली. इतका वेळ थांबली की दारात उभी असलेली मीसुद्धा उत्तराची वाट बघायला लागले. मग तिने मान हलवली, जसं काही उत्तर आत्ता पोचलं, आणि पुढचं विचारलं. पुढे होऊन तिच्या हातून तो रिसीव्हर घ्यायला हवा होता. खरं सांगते, माझी छाती झाली नाही. त्यात कुणी बोलत असलं तर? मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. बाबांनी हात वर केले. मला जमणार नाही, तू सांग, म्हणाले. मला असा संताप आला त्यांचा! लपवायला पुढे, सांगायला मागे. पण त्यांचा चेहरा बघून मी सांगायचं कबूल केलं. आणि त्याच आठवड्यात आत्या म्हणाली, मला एकदा तुझं ऑफिस दाखव.

ठेवणीतली साडी नेसून आली. मी तिला ती दीर्घिका दाखवली, सगळं समजावलं. तिने स्क्रीनवर मधोमध बोट टेकवलं.

"म्हणजे हे विझलंय, आणि ह्या हिरव्याला पत्ताच नाही."

"हो."

"आणि कळलं की?"

"तोही विझेल. हळूहळू."

आता सांगायचंच, म्हणून मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"इतक्यात सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझा बाप माझ्याशी गोड बोलायला लागला, त्याच दिवशी मला कळलं. आपल्या घरात कुणी मेल्याशिवाय असं बोलत नाहीत. पण कळणं निराळं आणि कुणी तोंडावर सांगणं निराळं. माझी तयारी झाली की मी त्याला माझ्या हाताने चहा करून देईन. तेव्हा नेहमीसारखं बोल म्हणावं. मी समजेन."

मग फोनवर कोण असतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. परत येताना रिक्षावाल्याने खड्ड्यात रिक्षा घातली, तर तिने त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. मी तिचा हात घट्ट धरून बसले होते.

बाबांना मी सगळं सांगितलं. बाथरूमचा नळ सोडून ते बराच वेळ आत राहिले.

केबल जोडली, गल्लीतला खड्डा बुजवला, आणि एका सकाळी तो फोन खणखणला. आम्ही तिघंही जागच्या जागी थिजलो. आत्यानेच उचलला. लाइन तपासणारा माणूस होता, चालू झाली एवढं सांगून त्याने ठेवून दिला. आत्याने मात्र ठेवला नाही. त्यातली सरळ, एकसुरी घरघर ती ऐकत राहिली. मग रिसीव्हर जागेवर ठेवून म्हणाली, आता त्याचा नाही लागायचा.

ती स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला. जरा वेळाने चहाचा कप बाबांसमोर ठेवून ती तिथेच उभी राहिली. बाबांनी कप उचलला. कसाबसा एक घोट घेतला.

"ताई, हा चहा आहे की..."

आत्याने वाट बघितली, फोनवर बघायची तशीच.

"बोल रे," ती म्हणाली.

"की भांडं विसळलेलं पाणी?"

"पाणीच आहे," आत्या म्हणाली आणि बाबांच्या शेजारी बसली. मग दादाचं नाव घेऊन ती रडायला लागली.