बशीत उरलेला सोया सॉस

मुलगी ड्राइव्ह करत होती आणि मागच्या सीटवर बसलेल्या आम्हा दोघांची शिकवणी चालली होती.

"बाबा, सुशी उचलायची, थोडी तिरकी करायची आणि सोया सॉसला जस्ट टच करायची. भात बुडवायचा नाही. वासाबी, म्हणजे ते हिरवं, नाकात जाणारं तिखट, सॉसमध्ये मिक्स नाही करायचं, थोडंसं सुशीवर लावायचं. आणि आलं वर ठेवायचं नाही. ते दोन घासांच्या मध्ये खायचं, तोंड साफ करायला."

"अगं, म्हणजे कालवायचंच नाही?" ह्यांनी विचारलं. वरण, भात, तूप, लिंबू एकजीव केल्याशिवाय ह्यांच्या तोंडात घास जात नाही. "भात कोरडाच खायचा, तर शेजारी सॉस ठेवायचा कशाला?"

"बाबा, प्लीज यार!"

तिचा आवाज ऐकून मी ह्यांना कोपराने ढोसलं. ज्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं, त्याच्या आईकडे आम्ही पहिल्यांदाच जेवायला निघालो होतो. बाई जपानी वंशाच्या, नवरा गेल्यापासून कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत एकट्याच राहणाऱ्या आणि मुलीच्या शब्दांत "व्हेरी पर्टिक्युलर". त्यांना आम्ही आवडलो नाही म्हणून लग्न मोडणार नव्हतं. पण त्या घरात आपल्याला जन्मभर पाहुणीसारखंच वावरावं लागेल, अशी मुलीला धास्ती होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

बाईंनी आमच्यासाठी मुद्दाम बिनमाशांचा बेत केला होता. काकडी, ॲव्होकाडो, गोडसर अंड्याची जाड वडी आणि त्याखाली भाताची मूठ. हाताने खाल्लं तरी चालतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं, तेव्हा माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मुलगा मला "काकू, काकू" करून वाढत होता. सगळे इतके शहाण्यासारखे वागत होते की जेवणाला काही मजा येईना. हे तर तोंडी परीक्षेला बसल्यासारखे, दर घासाला मुलीकडे बघून मगच सॉसला सुशी लावत होते.

घोटाळा एकच झाला होता. सुरुवातीला ह्यांनी आमटीची वाटी भरावी तशी सॉसची बशी काठोकाठ भरून घेतली होती. नुसतं टेकवून टेकवून त्यातलं संपणार किती? जेवण आटोपत आलं तरी बशी भरलेलीच.

माझ्या सासऱ्यांची शिस्त अशी, की पानात काही टाकलं तर उठायचं नाही. ह्यांनी बशीकडे पाहिलं आणि ती नजर मी ओळखली. "अहो, नको," मी पुटपुटले. तोवर उरलेली वासाबीची गोळी ह्यांच्या तोंडात गेली होती, मागोमाग आल्याची चकती. मग दोन्ही हातांनी बशी उचलून, ताटातली शेवटची कढी प्यावी तसा, सगळा सॉस ह्यांनी एका दमात पिऊन टाकला.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. नाक, डोळे, ठसका, सगळं एकदम. "बाबा..." एवढंच म्हणून मुलीने मान खाली घातली. बाई उठल्या आणि आत निघून गेल्या. मला ह्यांना कच्चं खावंसं वाटलं.

बाई पाण्याचा ग्लास घेऊन परत आल्या, त्या हसू दाबतच. त्यांचे वडीलही तसेच होते म्हणे. भाताचं शीत राहिलं तर उठू देत नसत, आणि सॉस उरला तर त्याहून जास्त बोलणी. "म्हणून आम्ही एवढासाच ओततो, लागला तर परत घ्यायचा," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या बशीच्या तळाशी राहिलेला चमचाभर सॉस दाखवला. "मी आधीच सांगायला हवं होतं."

मग त्यांनी चिमूटभर वासाबी त्या सॉसमध्ये टाकलं आणि खुशाल ढवळलं. "एकटी असले की मी असंच खाते. आज तुम्ही येणार म्हणून नीट वागत होते."

"बघ!" हे मुलीला विजयी मुद्रेने म्हणाले आणि पाणी पिता पिता पुन्हा ठसकले. त्यानंतर खरं जेवण झालं. पोटं भरली होती तरी बाईंनी आणखी एक ताट आणलं, ह्यांनी यथेच्छ कालवलं आणि मीही आलं सुशीवर ठेवून खाल्लं. छान लागतं.

गप्पा रंगल्या तशी मुलीने आपली प्लेट हळूच बाजूला सरकवली. तिच्यात दोन तुकडे तसेच होते. बाईंनी बोलणं मध्येच थांबवून प्लेटकडे बोट दाखवलं. "फिनिश दॅट." त्यात प्लीज नव्हतं, हसू नव्हतं. याच एका गोष्टीवरून लहानपणापासून माझ्याशी वाद घालत आलेल्या माझ्या मुलीने प्लेट निमूट पुढ्यात ओढली.

पाहुणीला असं कुणी दटावत नाही. हे तिलाही कळलं असावं, कारण तोंडात घास असतानाही तिला हसू आवरत नव्हतं.