ती वायर मी जोडली नव्हती

"ए, सर बाजूला. वायर ओढणाऱ्यांनी वायरच ओढायची."

वसईतल्या एका सोसायटीचा वर्धापनदिन. रविवारची सकाळ. मी स्टेजपुढे गुडघ्यावर बसलेली, हातात सबवूफरची, म्हणजे खालचा जड आवाज काढणाऱ्या स्पीकरची, वायर. बोलणारे सोसायटीचे सेक्रेटरी. गेटवरच्या वहीत माझं आडनाव वाचून त्यांनी आधीच विचारलं होतं, "गाव कुठलं? म्हणजे हलगीवाले का तुम्ही?"

हो, हलगीवाले. माझा बाप लग्नात हलगी वाजवायचा आणि मांडवाबाहेर जेवायचा. मी विरारच्या फुलपाड्यात वाढले. साउंडच्या कामात सहा वर्षं वायरी गुंडाळल्या. त्या दिवशी आमच्या साउंडवाल्या शेठनं पहिल्यांदा मला मिक्सरवर बसवलं होतं. ऑपरेटर म्हणून.

"काका, हा पॉवर्ड सब आहे. अ‍ॅम्प्लिफायर याच्या आतच असतो. मिक्सरमधून आधी सबला, सबमधून वरच्या स्पीकरला."

"मला शिकवू नकोस. घरचं होम थिएटर मी स्वतः लावलंय. तुमच्या लोकांना बडवायचं तेवढं कळतं."

माझ्यासोबत काम करणारे तिघं तिथंच होते. एक मोबाइलमध्ये घुसला. एकाला अचानक चिकटपट्टी सापडेना. तिसरा चहाला गेला.

काकांनी हॉलच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जाणारी वायर काढली आणि सरळ सबच्या इनपुटमध्ये खुपसली. घरच्या सबला ते चालत असेल. याला मिक्सरचा बारीक सिग्नल लागतो. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी आवाज वाढवला. धप्प! मग जळका वास. सब मेला.

त्यांनी लगेच शेठला फोन केला आणि माझ्या कानाला लावला. शेठ म्हणाला, "माफी माग, विषय मिटव. दरवर्षीचं काम आहे ते."

मी सब वगळून मिक्सर सरळ वरच्या स्पीकरला जोडला. तोवर हॉल भरला होता. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "ऑपरेटर मुलगी नवीन आहे. तिच्या हातून चूक झाली. ती माफी मागेल." आणि माइक माझ्या हातात दिला.

एवढ्या माणसांत माझं म्हणावं असं एक तोंड नव्हतं. रडू आलं. बापानं जन्मभर हेच केलं. चूक कुणाचीही असो, हात जोडून मोकळा. मला त्याचा फार राग यायचा. तेव्हा कळलं, त्याच्या हातात कधी कुणी माइक दिला नव्हता.

"सब मी जाळला नाही. वायर सेक्रेटरींनी जोडली. मी नको म्हणत होते. माफी त्यांनी मागावी."

वरचे स्पीकर चांगले होते. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. टाळी कुणी वाजवली नाही. "माज बघा हिचा," एवढंच कुणीतरी म्हणालं. सगळा कार्यक्रम मी सबशिवाय चालवला. दिवसभर मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शेठनं पुन्हा बोलावलं नाही. विरारपर्यंत माझं नाव झालं, सब जाळणारी. आता दुसऱ्याकडे आहे. परत वायरी गुंडाळते. मिक्सरवर बसशील का, असं कुणी विचारलं तर आधीच सांगते, माझ्या जोडणीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. काम हातचं जातं. जाऊ दे. दुसऱ्यानं जाळलं त्याची माफी मी मागणार नाही. एकटी पडले तरी नाही.