आतोबांची टाळी

आमच्या आतोबांनी जन्मात जेवढी भाषणं ऐकली, तेवढी तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांनी मिळूनही दिली नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मी कर्जतला राहतो, त्यांचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. ज्वारी, तूर, दोन म्हशी, मुलगा-सून असा नीटनेटका संसार. पण निवडणूक लागली की हा गृहस्थ घरात सापडेल तर शपथ! कर्जत असो, राशीन असो, मिरजगाव असो, मांडव पडला की आतोबा हजर. सभा कुठल्या पक्षाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "मी भाषन ऐकाया जातो, मानूस बघाया न्हाई," म्हणायचे.

सभेला जायची त्यांची रीतसुद्धा ठरलेली. खताच्या पोत्याची घडी काखेत मारायची आणि ती टाकून जमिनीवर मांडी ठोकायची. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बसायचे नाहीत. "खुर्चीवर बसलं की मानूस पाव्हना हुतो, मग त्याला सगळंच ग्वाड लागतं." गळ्यात कुणी उपरणं घातलं तर नाही म्हणायचे नाहीत. घरी नेऊन त्याचं काम ठरवायचे. एकानं म्हशीची कास पुसायची, दुसऱ्यात भाकरी बांधायच्या, तिसऱ्यानं चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायचं. आत्या म्हणायची, "सगळे पक्ष कसे माझ्याच घरात राबत्यात बघ!" मत मात्र कुणाला दिलं, हे त्या माउलीला आजतागायत कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकदा तर एका पुढाऱ्यानं व्यासपीठावरून हात पसरून विचारलं, "मायबापहो, तुमच्या अडीअडचणीला कोण धावून आलं?" अहो, असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आतोबा पोत्यावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "कुनीच न्हाई, साहेब." आणि शांतपणे खाली बसले. पुढाऱ्यानं घाईघाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आणखी एक. एवढ्या सभा झाल्या, पण आतोबांनी एकदाही टाळी वाजवली नव्हती. शेजारीपाजारी तळहात लाल करून घेत, हे मांडीवर हात ठेवून ढिम्म. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "टाळी म्हंजी पावती रं. माल हातात पडल्याबिगर पावती फाडायची नसती." ही गोष्ट पंचक्रोशीत इतकी माहीत झाली होती, की भाषण संपलं की लोक आधी आतोबांच्या हातांकडे बघायचे.

अशा माणसाच्या पोत्यावर पुढं पुढं एक भागीदार आली. त्यांची नात, ईश्वरी. टपोऱ्या डोळ्यांची, भलती गोड पोर, पण चौथं वर्ष लागलं तरी तोंडातून शब्द नाही. घरात जो तो म्हणायचा, हिचा बापही उशिराच बोलला, बोलंल की सावकाश. तरी आत्यानं वेखंड उगाळून चाटवलं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोर बोलतं म्हणतात, तर तसा पेरू शोधत आतोबा लोकांच्या बागा हिंडले आणि पोपटांच्या नावानं राखणदारांच्या शिव्या खाऊन आले. या पोरीनं एकदा 'आजा' म्हणावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती.

मग त्यांनी स्वतःच इलाज काढला. "पवाया शिकवायचं तर हिरीवर न्यायचं. बोलाया शिकवायचं तर सभेत! एवढं बोलनं दुसरीकडं कुठं मिळतं?" झालं. त्या निवडणुकीत पोरगी खांद्यावर आणि पोतं काखेत. आत्या ओरडायची, "पोरीला उन्हातान्हात कशाला फिरवताय?" पण ऐकतो कोण! नेमके त्या मोठ्या स्पीकरच्या खोक्याला लागून बसायचे, म्हणजे एकही शब्द वाया जायला नको. आणि खरं सांगतो, पोरीला ते आवडायचं. थरथरणाऱ्या खोक्यावर हाताचा पंजा टेकून खुदुखुदु हसायची. आतोबांची छाती फुगायची. "बघ, बघ! कळतंय तिला समदं."

कर्जतच्या बाजारतळावर शेवटची मोठी सभा होती, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर होतो. मुख्य पुढारी नेहमीप्रमाणे उशिरा आले. त्यांची गाडी दिसताच आमच्या पाठीमागं फटाक्यांची लांबलचक माळ लागली. काय तो दणका! मी दचकून उभाच राहिलो, शेजारची लेकरं भोकाड पसरून आयांच्या पदरात शिरली. ईश्वरी खोक्यापासून जरा बाजूला, पोत्यावर पाठमोरी बसून तुटलेल्या पताकेशी खेळत होती. तिनं मान वळवली नाही. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. आतोबांच्या आलं.

पुढारी माईकपाशी आले, सभा गप्प झाली. आतोबा पोरीच्या पाठीमागं सरकले आणि हळूच म्हणाले, "ईश्वरे." मग जरा मोठ्यानं, "ईश्वरे, माजी माय." पोरगी पताकेचा दोरा दाताखाली धरून बसलेली. आतोबांनी हात वर उचलले, तिच्या डोक्यामागं नेले आणि जोरात टाळी वाजवली. मग दुसरी. मग तिसरी.

पुढाऱ्यांचं नुकतं कुठं "माझ्या बंधू-भगिनींनो" म्हणून झालं होतं. पण आतोबांनी टाळी वाजवली म्हटल्यावर आमच्या गावचे लोक चाटच पडले! एकानं वाजवली, त्याचं बघून दहांनी, आणि बघता बघता सगळा बाजारतळ टाळ्यांनी दणाणून गेला. पुढारी खुश, वाकून वाकून नमस्कार करताहेत. कुणाला काही ठाऊक नव्हतं. आमची ईश्वरी तेवढी तशीच बसून होती. मग समोरच्या माणसांचे हात हलताना तिला दिसले, आणि तीही हसत हसत टाळ्या वाजवू लागली. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आतोबांकडं बघवेना.

मी दोघांना मोटारसायकलवरून घरी सोडायला निघालो. गावाच्या कमानीपाशी आतोबा म्हणाले, "एवढ्या गर्दीत नेली तिला, आन् पोरगी त्यात एकलीच बसत हुती रं." घरी पोचल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा सून पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "मला शंका येत हुती, मामा," ती म्हणाली, "पन बोलायचा धीर हुईना."

मग नगरचा दवाखाना झाला. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आतोबांच्या तोंडी नगरच. डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही कानांना मशीन बसवली. ऐकायला येईल म्हणाले, बोलणं मात्र धीरानं शिकवावं लागेल, आणि त्यासाठी एका बाईंकडे पाठवलं. तेव्हापासून आठवड्याला एक खेप, एसटीनं, आजोबा आणि नात. काखेत पोतं नाही, नातीच्या खाऊची पिशवी. सभा सुटल्या त्या सुटल्याच.

गेल्या निवडणुकीत त्यांच्याच गावात, मारुतीच्या देवळापुढं सभा झाली. मी गेलो, तर आतोबांची जागा रिकामी. घरी जाऊन बघतो, तर हे ओट्यावर बसलेले आणि ईश्वरी अंगणात पाठमोरी, भातुकली मांडून. देवळाकडून कर्ण्याचा आवाज येत होता, पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी अगदी हलकी टाळी वाजवली. पोरीनं वळून बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा एक. पुन्हा तिनं बघितलं, या खेपेला कपाळाला आठ्या घालून. आतून आत्या ओरडली, "आता बास करा की! सकाळधरनं चाललंय. मान दुखंल पोरीची."

'आजा' हा शब्द अजून आलेला नाही. बाई म्हणतात, येईल.

"काय आतोबा," मी म्हणालो, "एवढ्या टाळ्या? पावती फाडायची नसते ना?"

"माल हातात पडला की रं," ते म्हणाले. खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांनी डोळे पुसले. ते कुठल्या पक्षाचं होतं, हे मी बघितलं नाही.