‘स्वखुशीनं’ला संदर्भ हवा

मी आणि माझा कॉलेजमित्र प्रफुल ऑनलाइन ज्ञानकोशात वाशिम जिल्ह्यातल्या गावांची पानं लिहितो. वाटलं होतं, पिकं, शाळा, देवळं लिहून मोकळं होऊ. पण एकेका विशेषणामागं भांडण निघालं. आता पानं कमी आणि किस्से जास्त!

*

आमच्या गावच्या पानावर मी लिहिलं, ‘गावाच्या उत्तरेला तलाव आहे.’ दुसऱ्या दिवशी तिथं ‘दूरदृष्टीच्या भाऊसाहेबांनी साकारलेला भव्य तलाव’ झाला होता! मी विशेषणं खोडली.

भाऊसाहेबांचा कार्यकर्ता गजू चौकात भेटला. “काहून खोडून राह्यली वं? तलाव भव्य नाई का?”

“किती हेक्टर आहे, ते लिहू.”

“हेक्टरनं भव्यपणा दिसते का!”

*

मग विरोधी गटानं ‘भव्य’च्या जागी ‘गळका’ घातलं. प्रफुल खूश! मी तेही खोडलं.

तो तडकला. “तू हायेस कोनाकडून?”

“तलावाकडून!”

दोन दिवस बोलला नाही.

*

पुढं गजूनं लिहिलं, ‘शेतकऱ्यांनी तलावासाठी स्वखुशीनं जमिनी दिल्या.’ मी संदर्भ मागितला. आठवड्यानं तो पेपरचं कात्रण घेऊन हजर!

बातमीतही तलाव उत्तरेला होता. खरं तर तो दक्षिणेला आहे. उत्तर ही माझी चूक. बातमीदाराला फोन केला.

“तुमच्याच पानावरून घेतलं,” तो म्हणाला. “तुमी पोरं अभ्यास करून लिहिता ना!”

*

मी ‘स्वखुशीनं’ काढलं. मग वच्छलाकाकूकडं गेले. तिचं चार एकर रान त्या तलावात गेलंय.

“सही नाई केली आमी. उचलून गाडीत टाकलं मले. लिही.”

मी ज्ञानकोशाचा नियम सांगितला: तोंडी चालत नाही, छापील लागतं.

“म्हंजे गजूचं छापलं म्हनून खरं, अन् माह्यं भोगलेलं खोटं?”

मग काकूच म्हणाली, “उन्हाळा लागू दे.”

*

मे महिन्यात तलाव आटला. काकूनं मला बोलावलं, आणि गजूलाही. चिखलातून तिच्या बुडालेल्या विहिरीचा दगडी कठडा वर आला होता. तिनं पदरानं गाळ पुसला.

“पानी चढाच्या आंधी तुह्या काकानं छिन्नीनं कोरलं होतं. गजू, वाच. जोरानं.”

गजूनं वाचलं, “दिली नाई. घेतली.”

काकू माझ्याकडं वळली.

“छापील पायजे होतं ना तुले?”