लाल खूण, पांढरी खूण

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं की अण्णा आधी त्याच्यावर उजवा तळहात सपाट ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गिऱ्हाईक तेवढ्यात बिघाडाची सगळी कहाणी सांगायला लागे. मग अण्णा डाव्या हाताने त्याला थांबवत. "तुमी बोलू नका. त्याला बोलू द्या की!" गिऱ्हाईक मुकाट स्टुलावर बसे.

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. भिंतीपलीकडे त्यांच्या भावाचे चार यंत्रमाग सकाळी सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्ही भाषा ओरडूनच. अण्णांनीही उमेदीची पंधरा-सोळा वर्षं मागावर काढली होती. मग रेडिओ उघडून बघायचा नाद लागला आणि त्या नादावरच पोट भरू लागलं. "अण्णांचा कान म्हणजे कान," असं पेठेतले लोक म्हणायचे. त्या कानाच्या भरवशावर लांबलांबून रेडिओ येत.

मी तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, एका शाळेत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. हसू नका, त्या काळी गिटार घेऊन रस्त्याने निघालं की लोक सायकलवरून उतरून बघत! अडचण एकच. ड्रम आणि ऑर्गन सुरू झाले की माझी गिटार कुणाला ऐकूच येत नसे. एका कार्यक्रमानंतर माझ्या सख्ख्या आईने विचारलं, "तू नुसताच हात हलवत होतास का रे?" मुंबईहून अँप्लिफायर आणायचा तर माझा वर्षभराचा पगार त्यात गेला असता. ऑर्केस्ट्राच्या मालकाने स्पष्टच सांगितलं की संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतल्या कार्यक्रमात गिटार ऐकू आली तर ती राहील, नाहीतर तिच्या जागी अ‍ॅकॉर्डियन येईल. मी अण्णांकडे धावलो.

अण्णांनी जन्मात गिटार हातात धरली नव्हती. त्यांनी तिच्यावरही तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "वाजवा." मी वाजवली. "लई लाजते ओ ही," असं म्हणून ते उठले आणि कामाला लागले.

महिनाभर मी रोज शाळा सुटली की तिथेच. जुन्या रेडिओंच्या पोटातले व्हॉल्व्ह आले. एका सिनेमा थिएटरने भंगारात काढलेला स्पीकर आला. ट्रान्स्फॉर्मर विकत घ्यायला अण्णा तयार नव्हते. मागाच्या कांड्या भरायचा चरखा असतो ना, त्याच्यावर त्यांनी सुताऐवजी तांब्याची तार चढवली आणि वेढे तोंडाने तेलुगूत मोजत ट्रान्स्फॉर्मर घरीच गुंडाळला. मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानी फळ्यांची पेटी केली. ती घुमू नये म्हणून आतून चादरीचे तुकडे ठोकले. माझा अँप्लिफायर आतून निळी-लाल नक्षीदार सोलापुरी चादर पांघरून बसला होता! इतकं देखणं पोट मुंबईच्या अँप्लिफायरला काय असणार.

चाचणीच्या दिवशी पलीकडे चारही माग चालू होते. मी तार छेडली आणि खडखडाट चिरत सूर बाहेर आला. अण्णांनी पेटीवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने आवाजाचा धारदारपणा वाढवायचं बटण फिरवलं, अजून थोडं फिरवलं, आणि मान डोलावली. "बोलला बगा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

जत्रेतल्या कार्यक्रमाला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. पहिलं गाणं सुरू झालं, मी वाजवलं, आणि अरे देवा! पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. बायकांनी पदर कानाला लावले, एक तान्हं पोर भोकाड पसरून रडायला लागलं. मालकाने ड्रमच्या मागून असे डोळे वटारले की मी झटकन बटण पार खाली आणलं. आता गिटार गोड वाजायला लागली. लोक खूश, मालक खूश. पहिल्या रांगेतला एकच चेहरा पडला.

मध्यंतरात अण्णा मागे आले. "आवाज मेला की ओ! काय केलं तुमी?"

"व्होल्टेज कमी आहे, अण्णा," मी ठोकून दिलं.

पुढच्या कार्यक्रमाला ते खिशात मीटर घालून आले. व्होल्टेज चोख निघालं. मग त्यांनी पेटी उघडून कसलासा कंडेन्सर बदलला आणि आवाजाला आणखी धार लावली. मी पुन्हा बटण खाली आणलं. हा खेळ चार-पाच कार्यक्रम चालला. ते वाढवायचे, मी उतरवायचो. इतका हुशार माणूस गाढवासारखा का वागतोय, म्हणून मी मनातून चिडलोही होतो. आज त्या चिडण्याची लाज वाटते.

शेवटी मी एकदा मागांच्या सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन गेलो. म्हटलं, शांततेत ऐकवू, म्हणजे त्यांना कळेल. अण्णा नेमके बाजारात गेले होते. दारात त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती. मी पेटी चालू केली. तिच्यातून बारीक, टोचणारी सूंऽऽ निघाली. अक्काने खांदा उचलून कानावर दाबला आणि मग ती हळूच म्हणाली, "त्यांना ते ऐकू येत न्हाय. चिमण्या बी ऐकू येत न्हाईत. मागानं खाल्ला कान. तुमी कुटं बोलू नका. बहिऱ्याकडं रेडिओ कोन आनंल?"

मी सुन्न झालो. त्या घराची भाकरी त्या कानावर होती, आणि कान अर्धा गेलेला होता. मी शपथ घेतल्यासारखं सांगितलं की नाही बोलणार.

आणि अण्णा आले. पेटी चालूच होती. त्यांनी तळहात ठेवला, बटण वर नेलं, म्हणाले, "वाजवा." मी वाजवलं. मी तोंडाने काही बोललो नाही हो, पण माझे डोळे मिटले गेले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं. तिने घाईने मान खाली घातली, पण खांदा अजून कानाला चिकटलेला होता.

"टोचतंय?" त्यांनी विचारलं.

मी गिटार खाली ठेवली.

"मी म्हनतो त्याला बोलू द्या, आनि मलाच ऐकू येत न्हाय व्हय," असं म्हणून ते स्टुलावर बसले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या बाजूला बसलेलं मी पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

बऱ्याच वेळाने ते उठले आणि अक्काला म्हणाले, "हितं ये. हात धू आनि हितं बस." त्यांनी बटण हळूहळू खाली आणलं. अक्का ऐकत होती. "अजून... अजून थोडं... बास!" तिथे अण्णांनी बारीक ब्रशने पांढरी खूण केली. मग बटण वर नेलं, स्वतःला बरं वाटेल तिथवर, आणि तिथे लाल खूण केली. "पांढरी लोकांची. लाल माझी. आता चुकायचं न्हाय."

त्या दिवसापासून अक्काचं विड्यांचं सूप दारातून दुकानात आलं. अण्णा रेडिओ उघडत, हात ठेवत, आणि विडी वळता वळता ती बोट वर-खाली करत राही. गिऱ्हाइकांना वाटे, बाई नवऱ्यावर फार हुकूम चालवते. अण्णाच मिश्कीलपणे म्हणत, "काय करनार, मालकीन हाय की." रेडिओ येत राहिले, आणि माझी गिटार पांढऱ्या खुणेवर सोलापूरभर वाजली.

अण्णा गेले तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. महिन्याने पेटी घेऊन अक्काला भेटायला गेलो. दुकान बंद होतं. भिंतीपलीकडचे माग मात्र चालूच होते. "वाजवा की," ती म्हणाली. मी सवयीने बटण पांढऱ्या खुणेवर आणलं.

"तिथं नको. त्यांच्या खुणेवर लावा."

मी बटण लाल खुणेवर नेलं आणि वाजवलं. आवाज टोचत होता. अक्काने खांदा उचलला नाही. ती पुढे सरकली आणि पेटीवर उजवा तळहात सपाट ठेवून बसली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिने डाव्या हाताने मला थांबवलं.